मामाचं टक्कल आणि भाच्याचं कपाळ

देवगड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ५२. मुलगा २६ वर्षांचा, विरारला खोली घेऊन राहतो, खासगी कंपनीत नोकरीला. कॉलेजात असल्यापासून त्याचं कपाळ दोन्ही बाजूंनी वर सरकत होतं, पण कुणी ते मनावर घेतलं नाही. यंदा गणपतीहून परत गेला आणि त्याला डेंग्यू झाला, आठवडाभर दवाखान्यात होता. मार्गशीर्षात गावच्या जत्रेला आला तेव्हा उशीवर, मोरीत, टॉवेलवर केसच केस. जेवायला बसला तरी डोक्यावरची टोपी काढेना. सासूबाई म्हणतात, ‘झील मामावर गेलो,’ म्हणजे मुलगा मामावर गेला. ताईंच्या भावाला तिशीतच टक्कल पडलं होतं, त्यामुळे हे बोलणं त्यांना लागतं. ताईंचा स्वतःचा समज असा की मुंबईकडच्या पाण्याने आणि हेल्मेटने केस गेले. घाण्यावरच्या खोबरेलात माका आणि जास्वंद कढवून त्या दर महिन्याला मुलाला बाटली पाठवतात. मुलाला मात्र ८० हजार रुपये भरून केसांचं रोपण करून घ्यायचं आहे, कारण कुडाळचं एक स्थळ आलंय आणि त्यांनी फोटो मागितलाय. ताई हातातल्या पाटल्या मोडायला तयार आहेत. मोडू का, एवढंच विचारतात. पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: ‘मुलीचेही पुढचे केस विरळ झालेत, पण ती नर्सिंगला आहे, दमते, आणि तिचे केस मुळात लांब आहेत, म्हणून तिची काळजी नाही.’

ताई,

पाटल्या मोडू नका. निदान शिमग्यापर्यंत तरी नाहीच. का ते सविस्तर सांगते, कारण पावसाळा संपला की अशी पत्रं मला येतातच. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, लेप्टो यांचा हंगाम सरतो, माणूस बरा होऊन कामाला लागतो, आणि दोन-तीन महिन्यांनी एके दिवशी कंगवा भरून केस हातात येतात. तापाचा आणि या केसांचा संबंध तोवर कुणाच्या ध्यानातही राहिलेला नसतो.

तुमच्या मुलाच्या डोक्यावर सध्या दोन वेगळ्या गोष्टी चालल्या आहेत. एक कॉलेजपासून, संथपणे. दुसरी डेंग्यूमुळे, एकदम. घाबरवलं दुसरीने, पण कपाळ मोठं केलंय पहिलीने. घरात दोन्ही एकच धरल्या गेल्या आणि मग दोष कुणाचा यावर बोलणी सुरू झाली.

आधी डेंग्यूचं. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग त्याचं मूळ तीनेक महिने विश्रांती घेतं, केस गळतो आणि त्याच जागी नवा येतो. सगळे एकाच वेळी विश्रांतीला जात नाहीत, म्हणून रोज ५० ते १०० केस गेले तरी डोकं भरलेलं दिसतं. मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, उपाशीपोटी केलेलं डाएटिंग, घरातला एखादा मृत्यू, असा धक्का बसला की शरीर वाढीचं काम आवरतं घेतं आणि एरवी वर्षभरात टप्प्याटप्प्याने गेले असते ते केस एकाच वेळी विश्रांतीला जातात. ते गळतात दोन-तीन महिन्यांनी. भाद्रपदातला ताप, मार्गशीर्षातले केस. हिशेब अगदी बरोबर बसतो. या गळतीत मुळं मरत नाहीत. सहा ते नऊ महिन्यांत बहुतेकांचे केस आपोआप भरून येतात. पोटात नीट अन्न आणि पुरेशी झोप, यापलीकडे त्याला औषध लागत नाही.

हे नुसतं माझ्या शब्दावर मानू नका, घरी करून बघा. मुलाला सांगा, सकाळी उशीवरचे दहा-बारा केस उचल आणि पांढऱ्या कागदावर ओळीने ठेव. केस लांब आणि जाड असतील आणि एका टोकाला साबुदाण्याच्या कणीएवढाही नाही, त्याहून बारीक पांढरा ठिपका दिसत असेल, तर ते विश्रांती संपवून गेलेले केस. तो पांढरा ठिपका बघून लोक हबकतात, ‘मुळासकट निघाला’ म्हणतात. मूळ आतच असतं, ताई. पिकलं पान देठासकट पडतं, झाड उपटलं जात नाही. आता कागदावर आखूड, बारीक, लवेसारखे केस बरेच दिसले, विशेषतः कपाळाच्या कोपऱ्यांतले, तर ती दुसरी गोष्ट.

ती दुसरी गोष्ट म्हणजे ज्याला आपण सरळ टक्कल म्हणतो. इथे केस गळून जागा रिकामी होते असं नाही, केस बारीक होत जातो. पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं आणखी तीव्र संप्रेरक बनतं. काहींच्या कपाळाकडच्या आणि टाळूवरच्या मुळांना ते सोसत नाही. प्रत्येक फेरीत केस थोडा आखूड आणि थोडा बारीक येतो, शेवटी लवेइतका होतो आणि दिसेनासा होतो. म्हणून रोज केस मोजून या प्रकाराचा पत्ता लागत नाही. आया उशीवरचे केस मोजतात आणि कपाळाचे कोपरे बघायचं राहून जातं, हे मी दवाखान्यात कितीतरी वेळा पाहिलंय.

पण कपाळ वर सरकलं म्हणजे टक्कलच, असंही नाही. सतरा-अठराव्या वर्षानंतर बहुतेक मुलग्यांची केसांची कड थोडी वर जाते, ती पुरुषाची कड. त्याला भुवया उंचावायला सांगा, कपाळावर आठ्या पडतील. सगळ्यात वरच्या आठीवर एक बोट आडवं ठेवा. बोटाच्या लगेच वर केस सुरू होत असतील तर काळजी करण्यासारखं फारसं नाही. कोपरे त्याहून बरेच आत गेले असतील आणि टाळूवरही भोवरा रुंदावला असेल, तर मात्र पुढचं वाचा.

आता मामाचं. सासूबाईंच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, आणि तेवढ्यावरूनच तुम्हाला दोषी धरणं चूक आहे. डीएचटीला मुळं कशी प्रतिसाद देतात हे ज्या एका महत्त्वाच्या जनुकावर अवलंबून असतं ते एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला ते आईकडूनच मिळतं. म्हणून भाचा मामावर जातो असं जुनी माणसं सांगत आली. पण टकलाशी संबंध असलेली इतर अनेक जनुकं आईबाप दोघांकडून येतात. तुमच्या लग्नाचा अल्बम काढा. दिरांकडे, सासऱ्यांकडे, यजमानांच्या चुलत्यांकडे बघा. कितीजण फेटा, टोपी घालून उभे आहेत आणि त्याखाली काय होतं, ते सासूबाईंनाच प्रेमाने विचारा. आणि दोन्हीकडून आलं तरी तो दोष नव्हे. नाक कुणासारखं आहे यावरून आपण आईला कधी बोल लावतो का?

पाणी आणि हेल्मेट या दोघांना मी यातून मोकळं करते. पाणी सगळ्या डोक्यावर पडतं, हेल्मेट सगळ्या डोक्यावर बसतं. मग केस कपाळाच्या कोपऱ्यांतून आणि टाळूवरूनच का गेले? कानांच्या वरचे आणि मानेवरचे का राहिले? त्याच पाण्याने भिजलेत ना तेही! टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने केस राठ होतात, गुंततात, मध्येच तुटतात, हे खरं. आपल्या खाडीकाठच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात तेव्हाही तेच होतं. पण त्या पाण्याने केसाचं मूळ बारीक होत नाही. हेल्मेट घट्ट बसून रोज एकाच जागी घासत असेल तर तिथले केस तुटतात, आतून सुती रुमाल बांधला की झालं. अपघातात डोकं वाचवणारी ती वस्तू आहे, केसांच्या भीतीने त्याने ती काढून ठेवली तर मला जास्त काळजी वाटेल.

तुमच्या तेलाबद्दल लिहिताना मला जरा जपून लिहावंसं वाटतं, कारण त्या बाटलीत काय काय भरून जातं ते मला कळतं. खोबरेल खरंच गुणी आहे. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन निघून जायचं प्रमाण कमी करतं. म्हणून धुण्याआधी अर्धा तास लावलं तर केस कमी तुटतात, मऊ राहतात. पण मुळाशी चाललेलं डीएचटीचं काम ते थांबवत नाही, माका घाला नाहीतर जास्वंद. आणि त्याला कोंडा असेल, टाळू खाजत असेल, तर रात्रभर तेल चोपडून ठेवू नये. कोंड्याच्या बुरशीला तेल आवडतं, आणि आपल्या दमट हवेत ती आधीच माजलेली असते. बाटली पाठवत राहा. फक्त या बाटलीने कपाळ भरून येईल ही आशा तुम्हीही ठेवू नका आणि त्याच्यावरही लादू नका. त्याने तेल लावलं नाही म्हणून केस गेले, हे वाक्य घरात कुणी बोलू नये.

कोपरे खरोखरच मागे जात असतील तर उपाय आहेत, आणि जेवढे लवकर तेवढे बरे, कारण असलेला केस टिकवणं सोपं, गेलेला परत आणणं अवघड. मिनॉक्सिडिल हे मूळचं रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून त्याचं डोक्याला लावायचं औषध झालं, अमेरिकेत १९८८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. पुरुषांना साधारण पाच टक्क्यांचं देतात, कोरड्या टाळूवर, तेलावर नव्हे. पहिल्या दीड-दोन महिन्यांत केस जास्त गळाल्यासारखे वाटतात आणि बरेचजण घाबरून तिथेच सोडतात. फरक कळायला चार ते सहा महिने लागतात, आणि बंद केलं की कमावलेलं काही महिन्यांत जातं. घरात मांजर असेल तर बाटली आणि औषध लावलेली उशी तिच्यापासून लांब ठेवा. मांजराला ते विषासारखं आहे, अंग चाटताना पोटात गेलं तरी जिवावर बेततं.

दुसरं औषध फिनास्टेराइड, पोटात घ्यायची गोळी. तिच्यामागची हकिगत मला फार आवडते. कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिक देशात काही कुटुंबांतल्या पुरुषांच्या शरीरात डीएचटी बनवणारं विकर म्हणजे एन्झाइमच जन्मतः कमी होतं. १९७४ मध्ये त्यांच्याबद्दलचं संशोधन प्रसिद्ध झालं. या पुरुषांचं कपाळ वयाबरोबर मागे जात नव्हतं आणि त्यांची प्रोस्टेट ग्रंथीही लहानच राहत होती. तेच विकर औषधाने रोखता येईल का, या विचारातून ही गोळी आली, अमेरिकेत प्रोस्टेटसाठी १९९२ मध्ये आणि केसांसाठी १९९७ मध्ये मान्य झाली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. काही पुरुषांना कामेच्छा कमी होणं, मन खिन्न होणं असे त्रास होतात. लग्नाच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलाने हे डॉक्टरांशी लाज न बाळगता बोलावं. बायको गरोदर असेल तर तिने फुटलेली गोळी हाताळू नये. तुमचा मुलगा ऑनलाइन मागवून परस्पर काही घेत नाहीये ना, तेही विचारा. जिममध्ये ‘ताकदीची’ म्हणून देतात त्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी तर टक्कल आणखी लवकर पडतं. आणि केसांच्या गोळ्यांत बायोटिन असतं, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, म्हणून रक्त देण्याआधी लॅबमध्ये सांगायला हवं.

जास्त जीवनसत्त्व म्हणजे जास्त केस, असंही नाही. २०२४ च्या शेवटी आणि २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यात शेगावजवळच्या गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. आपल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या करून त्यामागे गव्हातलं सेलेनियम हे खनिज जादा असल्याचं मांडलं. सेलेनियम शरीराला लागतंच, पण जास्त झालं की केस जातात. अ जीवनसत्त्वाचंही तसंच. केसांच्या गोळ्यांचे दोन-दोन डबे एकदम खाणाऱ्या मुलामुलींना हे कुणीतरी सांगायला हवं.

आता ८० हजारांचं. रोपण हे खोटं शास्त्र नाही. मानेकडच्या भागातली मुळं डीएचटीला दाद देत नाहीत, ती उचलून पुढे लावली तरी त्यांचा तो स्वभाव टिकतो, म्हणून लावलेले केस राहतात. पण लावलेल्या केसांच्या मागचे मूळचे केस मागे जातच राहतात. सव्विसाव्या वर्षी कड कुठे जाऊन थांबणार हे कुणालाच माहीत नसतं. माझ्याकडे पस्तिशीतले एक गृहस्थ आले होते, तेविसाव्या वर्षी रोपण केलेले. पुढे केसांची दाट पट्टी, मागे सगळं ओसाड, खाडीत बेट उभं असावं तसं. ते आरशासमोर नव्हे, माझ्यासमोर रडले. मानेकडच्या केसांचा साठाही मोजकाच असतो, पहिल्याच खेपेला उधळला तर पुढे द्यायला काही उरत नाही. आणि डेंग्यूची गळती चालू असताना रोपणाला बसणं तर कुठल्याच बाजूने शहाणपणाचं नाही. आधी वर्षभर औषधाने कड थांबते का बघायचं, मगच विचार करायचा. केलंच तर करणारा माणूस त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहे का, हे कागदावर बघून. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये नेमकं हेच बजावलं आहे, कारण पार्लरसारख्या खोल्यांतून ही कामं चालतात.

फोटोचं म्हणाल तर आत्ता आहे तसा, टोपीशिवाय, चांगल्या उजेडात काढलेला पाठवा. मोबाइलवर केस भरलेला फोटो गेला तर कुडाळची मंडळी घरी येतील तेव्हा त्याला दारातच मान खाली घालावी लागेल. आणि तुम्ही त्याच्या केसांवर बोलताय की त्याच्याशी बोलताय, हे एकदा बघा. जत्रेला आलेला मुलगा आईच्या स्वयंपाकघरात टोपी घालून जेवतो, याचं मला जास्त वाईट वाटलं. त्या टोपीबद्दल कुणी त्याला प्रेमाने विचारलं होतं का? पत्रात तसं काही नाही.

चर्मरोगतज्ज्ञाकडे त्याने एकदा जावंच, विरारला जावं किंवा इकडे आला की आपल्या जिल्हा रुग्णालयात. पण अशीच तक्रार असलेल्या इतर वाचकांसाठी सांगते, काही बाबतींत मुळीच थांबायचं नाही. रुपयाएवढा गोल चट्टा पूर्ण केसरहित झाला, म्हणजे आपण जिला चाई म्हणतो ती पडली. टाळूला खपल्या, पू, दुखणं आहे. केस गेलेली जागा चकचकीत, गुळगुळीत होत चालली आहे. किंवा पाळी गेल्यावर एखाद्या बाईच्या कपाळावरची कड सरसकट मागे जातेय आणि भुवयाही विरळ होतायत. या शेवटच्या प्रकारात मुळं कायमची मरतात, तिथे महिनेसुद्धा मोलाचे असतात.

आणि आता ती शेवटची ओळ. ताई, तुमच्या सगळ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटली, जिची तुम्हाला वाटत नाही.

नर्सिंगची मुलगी सकाळी ओले केस ताणून मागे घेते, घट्ट अंबाडा, जाळी, वरून पिना, आणि संध्याकाळपर्यंत ते तसंच. रात्री झोपतानाही वेणी. वर्षानुवर्षं ओढल्याने कपाळाच्या आणि कानशिलांच्या कडेचे केस जायला लागतात. तिचे केस लांब आणि जड आहेत म्हणूनच ओढ जास्त, हे उलटं आहे तुम्ही समजता त्याच्या. तिला उजेडात बसवून कानशिलाजवळ बघा. अगदी कडेला बारीक केसांची झालर राहिलेली आणि तिच्या मागे विरळ पट्टा दिसत असेल, तर ओढच कारण असण्याची शक्यता मोठी. हे लवकर थांबवलं तर केस परत येतात. फार वर्षं गेली तर नाही येत. अंबाडा सैल, खाली मानेवर, केस वाळल्यावर. शिकवणाऱ्या बाई रागावल्या तर डॉक्टरांची चिठ्ठी दाखवता येईल.

पण ती ‘दमते’ असं तुम्ही लिहिलंय, ते मी तीन वेळा वाचलं. बाविशीतली मुलगी जिना चढून दमत असेल, पाळीत जास्त जात असेल, तर रक्त तपासायलाच हवं. हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आणि थायरॉइडसाठी टीएसएच. बायकांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे पंडुरोग, आणि कधीकधी हिमोग्लोबिन बरं असतानाही साठा संपलेला असतो. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस, पुरळ असेल तर पीसीओएस, म्हणजे बीजकोश आणि संप्रेरकांची तक्रार, आहे का तेही बघतील. घरात कुळीथ आहे, नाचणी आहे, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या मिळतात, त्या तिच्या ताटात आधी वाढा. भावाला दोन तुकड्या आणि तिला रस्सा, असं होत नाही ना? जेवल्यावर लगेच चहा नको, तो अन्नातलं लोह अडवतो, त्यापेक्षा जेवणात लिंबू पिळा. साठा संपलेला असेल तर नुसत्या जेवणाने भरत नाही, डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील, त्या काही महिने घ्याव्या लागतात.

तर असं करा. या आठवड्यात मुलीला घेऊन जा, तिच्या तपासण्या करून घ्या. मुलगा शिमग्याला येईल तेव्हा डेंग्यूला सहा महिने होत आले असतील. पालखी दारात येऊन गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला खळ्यात उन्हाकडे तोंड करून बसवा आणि कपाळाचा, दोन्ही कोपऱ्यांचा, टाळूचा असे फोटो काढा. दर तीन महिन्यांनी तसेच, त्याच उजेडात. डेंग्यूची गळती ओसरली असेल तर भांगाजवळ नवे आखूड केस ताठ उभे राहिलेले दिसतील, टोकाला निमुळते. ते दिसले की मला कळवा, आणि मुलीचे रिपोर्ट आले की त्याआधीच कळवा.